घासून न जाणारे डाग आणि तोंडावर जाणारा हात

पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे असतील आणि कितीही घासून ते जात नसतील, तर पहिलं काम म्हणजे घासणं वाढवू नका. कडक ब्रश, राखुंडी, कोळशाची पावडर, लिंबू-मीठ, खायचा सोडा, यातलं काहीही तो पट्टा काढत नाही. डाग दातावर बसलेला नसतो, दाताच्या वरच्या कठीण थरात, एनॅमलमध्येच, तो तयार झालेला असतो. घासून थर तेवढा झिजतो आणि मग थंड पाण्याचा घोट घेतला की कळ जाते थेट कानशिलापर्यंत.

मी दंतवैद्य नाही. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या गावात हापशीचं पाणी पिऊन वाढले आणि आता त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे पुढचे दात तसेच होते, भावाचे अजून आहेत. वर्गातही दरवर्षी काही पोरं अशी निघतात की कवितेला उभं केलं की त्यांची वही तोंडापुढे येते. दाताचं दंतवैद्य सांगतात, मनाचं समुपदेशक सांगतात, आणि दोघांच्या मधे पोरगी तशीच ओठ मिटून बसलेली राहते. म्हणून दोन्हीचं इथं एकत्रच लिहिते.

डाग कसला आहे ते आधी ठरवा

दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहा, बोटांनी वरचा ओठ उचला आणि दात जोडीजोडीनं बघा. उजवीकडच्या दातावर जसा पट्टा तसाच डावीकडच्या जोडीदारावर असेल, पट्टे आडवे असतील, कुठे खडूसारखा पांढुरका तर कुठे तपकिरी रंग असेल, तर तो बहुतेक फ्लोरोसिस, म्हणजे लहानपणी पाण्यातून फ्लोराईड नावाचा क्षार जास्त पोटात गेल्यानं आलेला डाग. एकाच दाताला राखाडी-काळपट रंग असेल तर लहानपणी कुठे आपटला होता का ते आठवा. आतली नस मेली की दात असा काळवंडतो, आणि त्याचा इलाज अगदी वेगळा आहे: रूट कॅनॉल करून दात आतून उजळवायचा. सगळेच दात करडे-पिवळे असतील तर आईला लहानपणच्या आजारपणाबद्दल विचारा. टेट्रासायक्लिन गटातली औषधं आठ वर्षांच्या आत दिली गेली असतील तर तसा रंग कायमचा राहू शकतो.

हिरडीच्या कडेला आणि खालच्या दातांच्या मागे जिभेला खरखरीत लागणारा थर म्हणजे किटण. चहा, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आणि मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) त्यालाच रंग चढवतात. हे सगळं दवाखान्यातल्या साफसफाईत निघतं. सफाईनं दात ढिले होतात हा गैरसमज आमच्याकडे फार पक्का आहे. किटण निघाल्यावर त्याच्या जागी फट दिसते आणि जिभेला दात सुटे वाटतात, एवढंच. आणि दातात खड्डा असून अन्न अडकत असेल तर रंगाचा विषय बाजूला ठेवा, आधी तो दात भरून घ्या.

आता आईबापांसाठी थोडं सविस्तर, कारण घरातला सगळा घोळ इथेच होतो. दुधाचे दात बहुधा पांढरे असतात. सहाव्या-सातव्या वर्षी ते पडायला लागतात आणि कायमचे येतात. हे नवे दातही उगवताना खडूसारखे पांढुरके असतात आणि तोंडात आल्यावर हळूहळू तपकिरी होत जातात. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं की पोरगं आता आळशी झालं, घासत नाही. प्रत्यक्षात त्या दाताचं नशीब ठरलं ते पोरगं दोन-तीन वर्षांचं असताना, दात हिरडीच्या आत घडत होता तेव्हा. त्या वयात पोटात जास्त फ्लोराईड गेलं की एनॅमल नीट पक्कं होत नाही, सच्छिद्र राहतं, आणि त्या बारीक छिद्रांत पुढे रंग मुरतो. म्हणजे दुसरी-तिसरीतल्या लेकराला "काऊन रे, दात नाही घासत का तू?" असं रोज ऐकवायचं, आणि त्यानं केलेलं काहीच नाही. आठ वर्षांनंतर दात घडून झालेले असतात. मोठ्या माणसानं फ्लोराईडचं पाणी प्यायलं तर हाडांना त्रास होऊ शकतो, दातांवर नवे पट्टे येत नाहीत.

हा दोष लोकांवर ढकलायची रीत जुनी आहे आणि आपल्यापुरती नाही. फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य १९०१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना टाकायला गेला, तर तिथं जन्मलेल्या कितीतरी लोकांचे दात असेच तपकिरी. गावकरी कारणं सांगत: डुकराचं मांस फार खाल्लं, दूध निकस. खरं कारण, पाण्यातलं फ्लोराईड, सापडायला १९३१ उजाडलं. मॅकेला वाटेत एक उलटी गोष्टही दिसली होती, की हे डागाळलेले दात किडायला मात्र सहजासहजी तयार नसतात. आमच्या गावात ही गोष्ट सांगितली की म्हातारी माणसं खुश होतात.

घरात आठ वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर आधी पाणी

तुमच्या स्वतःच्या दातांचं काम सहा महिने थांबलं तरी चालेल. धाकट्याचं पाणी मात्र थांबवून चालत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पांढरकवडा पट्ट्यातल्या भूजलात ते यापेक्षा बरंच जास्त सापडल्याचं भूवैज्ञानिकांनी लिहून ठेवलंय. आपल्या हापशीचा आकडा किती, हे ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाणी तपासायचे संच दिलेत आणि ते वापरायला गावातल्याच बायकांना शिकवलंय. संच कपाटात कुलूपबंद असेल तर ग्रामसभेत विषय काढा. पक्का आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना जातो.

पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. तुरटी फिरवूनही जात नाही. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनं चुना आणि तुरटी वापरून फ्लोराईड काढायची नलगोंडा पद्धत बसवली, पण तिच्यात मापं पाण्याच्या तपासणीवरून ठरतात. माठात अंदाजानं खडा टाकणं म्हणजे ती पद्धत नव्हे. आरओनं फ्लोराईड निघतं, मशीनची देखभाल झाली तर. आणि गावात दुसऱ्या कुठल्या विहिरीचा किंवा नळयोजनेचा आकडा चांगला निघाला तर सगळ्या घराचं पाणी बदलणं झेपत नसेल तेव्हा निदान लेकराचं पिण्याचं आणि वरणभाताचं पाणी तिथून आणा. कपडे-भांडी हापशीवर होऊ द्या.

लहान लेकरांना टूथपेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी द्या, आणि थुंकायला शिकवा. मोठ्यांनी मात्र घाबरून फ्लोराईडची पेस्ट सोडू नये. तुमचे पट्टे तिनं आलेले नाहीत, आणि कीड रोखायला ती लागते.

दवाखान्यात काय मागायचं आणि काय टाळायचं

आमच्याकडे बहुतेक पोरी दातांसाठी दवाखान्यात जातात त्या लग्न ठरायच्या घाईत. घरचे म्हणतात, "एकदाच काय ते करून टाका." मग सहा-आठ धडधाकट दात चारी बाजूंनी तासून त्यांवर पांढऱ्या शुभ्र कॅप बसतात. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीचा दात तासला की तो परत येत नाही. कॅप दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते, आत नस दुखावली तर रूट कॅनॉल येतं, आणि हे चक्र तिच्या साठीपर्यंत चालतं. काही दात इतके खड्ड्याखड्ड्यांचे आणि ठिसूळ असतात की त्यांना कॅपच लागते, हे खरंय. पण नुसत्या रंगासाठी कॅप हा शेवटचा उपाय, आणि तो पहिल्याच भेटीत कुणी सुचवला तर "याच्याआधी काय काय करून बघता येईल?" हा प्रश्न विचारून मगच उठा.

याच्याआधी बरंच काही असतं. क्रम असा समजा: आधी साफसफाई आणि पॉलिश. पट्टा तिनं जात नाही, पण वरचं किटण निघाल्यावर खरा डाग किती ते कळतं, आणि कितीदा तरी तो वाटला होता त्याच्या निम्माच निघतो. मग मायक्रोॲब्रेजन, म्हणजे सौम्य आम्ल आणि बारीक पावडर लावून एनॅमलचा अगदी पातळ पापुद्रा घासून काढणं. वरवरच्या तपकिरी डागांवर हे फार छान चालतं, आणि हे दंतवैद्यानंच हिरडी झाकून करायचं काम आहे. बाजारात बाटली घेऊन बसणारा जो पाच मिनिटांत दात पांढरे करून देतो, त्याच्या बाटलीत आम्लच असतं, फक्त मोजमाप नसतं. त्याच्याकडे जाऊ नका, एवढं पुरे.

त्यानंतर ब्लीचिंग. तोंडाच्या मापाचा पातळ साचा करून देतात, त्यात जेल भरून तो रात्री घालून झोपायचं, असं दोन-तीन आठवडे किंवा जास्त. सुरुवातीला पांढरे ठिपके आणखी पांढरे दिसतात आणि पोरी घाबरून मधेच सोडतात. ते पुढे बरंचसं जुळून येतं. दात काही दिवस झिणझिणतात. अठराच्या आत ब्लीचिंग शक्यतो करत नाहीत. पांढरे खडूसारखे डाग उरले तर त्या छिद्रांत पातळ रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखा घट्ट होणारा द्रव, जिरवायची एक पद्धत आहे, ती मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत मिळते. आणि यानंतरही जो पट्टा दिसतो, त्यावर दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट, म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'सिमेंट', लावतात. त्याला दात फारसा तासावा लागत नाही, पुढे तुकडा उडाला तर तेवढाच दुरुस्त होतो. फ्लोरोसिसच्या दातावर ते धरून ठेवणं थोडं अवघड असतं, म्हणून ज्यानं असे दात आधी केलेले आहेत त्याच्याच हातून करून घ्या. "अशा दातांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवता का?" असं विचारायला लाजायचं नाही. आपण लुगडं घेताना घडी उलगडून बघतो.

पैशाची अडचण असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय 'मेडिकल'च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात आहे. मुंबईला आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. माझे दात तिथंच नागपूरला झाले. शिकणारी मुलं काम करतात, वर सर किंवा मॅडम येऊन तपासतात, म्हणून एका दाताला खूप वेळ लागतो आणि जबडा भरून येतो. पण माझ्या दातांवर इतका वेळ शांतपणे बघत बसलेलं कुणी मला त्याआधी भेटलं नव्हतं. सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढा, डबा सोबत ठेवा, आणि दर भेटीला 'आज काय करणार, पुढे काय करणार' हे वहीत लिहून घ्या. मुलं बदलतात, वही राहते.

रंग निवडताना एक हट्ट सोडा. ते रंगांची पट्टी दाताजवळ धरतात आणि प्रत्येकीचं बोट जातं सर्वांत पांढऱ्याकडे. डोळ्याच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे झाले की लोकांना हसू दिसत नाही, दातच दिसतात, म्हणजे पुन्हा तेच. पट्टीतला एक-दोन घरं खालचा रंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात बघून होकार द्या. माझ्या खालच्या दातांवर डाग अजून आहेत. ते बोलताना फारसे दिसत नाहीत आणि मला त्यांच्यावर खर्च करायचा नाही.

मिश्रीबद्दल एवढंच: दातांच्या उत्पादनांत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी तव्यावर भाजलेली मिश्री घरोघरी लावली जाते, आणि ती लावणाऱ्या बाईला दातांपेक्षा मोठा धोका तोंडाच्या कर्करोगाचा असतो. सून दात दाखवायला निघाली की सासूलाही सोबत न्या.

दिसण्याने फरक पडतो का

पडतो. "रूपात काय आहे बाप्पा" असं म्हणणाऱ्यांचे दात बहुधा चांगले असतात. अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: तिथं काही गावांत कीड रोखायला पाण्यात मोजून-मापून थोडं फ्लोराईड घालतात. अशा गावांत लहानपण गेलेल्या बायकांची कमाई बाकीच्या बायकांपेक्षा साधारण चार टक्क्यांनी जास्त निघाली. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. आमच्याकडे जे पाण्यातून दात बिघडवतं त्याच्याच चिमटीभर मापानं तिकडे दात आणि पगार सुधारले, हा विनोद मला पचायला वेळ लागला. पण बाईच्या तोंडाकडे लोक जास्त निरखून बघतात हे काही त्या अभ्यासातूनच कळायला नको होतं.

याच्या दुसऱ्या बाजूलाही एक अभ्यास आहे आणि तो तितकाच लक्षात ठेवण्यासारखा आहे. वेल्समधल्या कार्डिफ शहरात १९८१ साली अकरा-बारा वर्षांच्या हजारभर मुलांचे दात आणि त्यांचं स्वतःबद्दलचं मत नोंदवलं, आणि वीस वर्षांनी त्यांतल्या तीनशेवर जणांना पुन्हा तपासलं. विषय वाकड्या दातांचा होता, डागांचा नव्हे. तार लावलेल्यांचे दात सरळ होते आणि दातांबद्दल ती माणसं समाधानीही होती. पण लहानपणी कोणाचा आत्मविश्वास किती होता हे हिशेबात धरल्यावर, तार लावल्यामुळे मोठेपणीच्या मनःस्वास्थ्यात फारशी भर पडलेली दिसली नाही. मी दोन्ही अभ्यास जोडून वाचते ते असं: दात दुरुस्त केल्यानं लोकांच्या नजरेत फरक पडेल, स्वतःच्या नजरेत तो आपोआप पडेलच असं नाही. त्याला वेगळी मेहनत आहे, आणि ती दवाखान्याची वाट न बघता आजपासून करता येते.

तोंडावर जाणारा हात

आधी तुमची लकब कोणती ते शोधा. कुणाचा हात वर जातो, कुणी ओढणीचं टोक धरतं, कुणी हसताना मान खाली घालतं, कुणी वरचा ओठ ताणून बोलतं आणि मग शब्द पुसट येतात. मोबाईल टेकवून ठेवा आणि मैत्रिणीला एखादा गमतीचा किस्सा सांगतानाचं स्वतःचं चित्रण करा. आधी आवाज बंद करून बघा. लकब दिसेल. मग आवाज लावून बघा. माझ्या वर्गातल्या मोठ्या पोरींना हे करायला लावलं तेव्हा बहुतेकींचं म्हणणं एकच आलं: "बाई, मी तर रागात आहे असं वाटते."

तोटा नेमका इथं आहे. लोकांना दात दिसत नाहीत, न हसणारी बाई दिसते. लग्नकार्यात सगळे खिदळत असताना ओठ मिटून बसलेलीला "लय घमेंड आहे पोरीले" असं नाव पडतं आणि बिचारी दात लपवत असते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून माणसांनी भरलेल्या खोलीत पाठवलं आणि मग विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं निम्म्यांच्या. प्रत्यक्षात पाव भागाच्याच आलं होतं. २००० साली छापलेल्या या प्रयोगातला टी-शर्ट एका दिवसापुरता होता, दात रोजचे असतात, हे मान्य. तरीही आपला अंदाज नेहमी फुगलेलाच असतो.

लकब एकदम सुटत नाही, म्हणून माणसं निवडून सुरुवात करा. ज्या एका माणसासमोर तुम्ही आत्ताही मोकळं हसता, त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बोला. मग त्याच माणसासोबत दुसरं कुणी असताना. हाताला काम दिलं की सोपं जातं: फळ्यासमोर मी खडू आणि डस्टर दोन्ही धरून ठेवायची, हात वर न्यायला रिकामाच नसायचा. फोनवर बोलताना आरशासमोर उभं राहा, कारण फोनवर आपण बेसावध असतो आणि आपलं खरं हसू त्या वेळीच दिसतं. मोठ्यानं वाचा, 'ई' आणि 'ए' जिथं जास्त येतात असं काहीही, कारण ओठ ताणून बोलणाऱ्यांचे हेच स्वर आधी दबतात.

फोटोसाठी छापील हसू आणू नका. फोटो काढणाऱ्याला सांगा की मोजू नको, बोलत राहा आणि बोलता बोलता काढ. चार-पाच काढले की त्यातला एक तुमचा निघतो. मोबाईलमधली दात पांढरे करायची सोय वापरू नका. तो फोटो पाहून आलेल्या माणसासमोर पुन्हा तोंड मिटून बसायची पाळी येते.

आणि हे सगळं करूनही कुणी कॉलेज सोडलं असेल, चार माणसांत जेवायचं बंद केलं असेल, आरशासमोर तासन्‌तास जात असतील किंवा आरसाच नको झाला असेल, तर तो विषय दातांच्या पलीकडे गेलाय. १४४१६ हा टेली-मानस योजनेचा मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं. आधी तो फोन, मग दंतवैद्य.

लोकांना काय सांगायचं

उत्तर आधीच पाठ करून ठेवा, आणि छोटं ठेवा. "लहानपणी हापशीच्या पाण्यात फ्लोराईड होतं, त्याचे डाग आहेत. घासून जात नाहीत." संपलं. यानंतर विषय तुम्ही बदला, त्यांनी बदलायची वाट बघू नका. स्वतःच्या दातांवर आधी आपणच विनोद करून घ्यायचा ही युक्ती कॉलेजात खूप जण वापरतात. ती पहिल्यांदा चालते, मग तेच तुमचं नाव पडतं.

बघण्याच्या कार्यक्रमात मुलाकडच्यांना खरी भीती असते ती वेगळीच, आणि ती तोंडानं कुणी विचारत नाही: पुढच्या लेकरांनाही असे दात येतील का? हे आपणच सांगून टाकायचं. हे आईबापाकडून येणारं नाही. लेकरू कोणत्या गावचं, कोणतं पाणी पितं त्यावर ते ठरतं, आणि त्या हिशेबानं तुमच्याच हापशीचं पाणी तपासून घ्यायला हवं. माझ्या एका मावसबहिणीनं हे वाक्य पोहे खाताना जसंच्या तसं सांगितलं. सासरे दुसऱ्याच दिवशी बाटली भरून तपासायला घेऊन गेले. लग्नही झालं, पाणीही बदललं.

नोकरीच्या मुलाखतीला जाताना पहिली दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून तयार ठेवा: नाव, गाव, शिक्षण. ती पूर्ण तोंड उघडून गेली की पुढची आपोआप जातात. दात दिसले, त्यांनी बघितले, आता लपवायला काही उरलं नाही.

शिक्षकांसाठी: टोपणनाव पडलं की त्याच दिवशी थांबवा, पण डागवाल्या पोराला पुढे उभं करून भाषण देऊ नका. मी पाणी तपासायचा संच वर्गात आणते, शाळेच्या नळाचं, हापशीचं आणि विहिरीचं पाणी तीन बाटल्यांत भरून पोरांनाच रंग जुळवायला लावते. हापशीच्या बाटलीचा रंग बदललेला दिसला की चर्चा दातांवरून आपसूक हापशीवर जाते. दोष कुणाचा हे पोरांना तेव्हा समोर दिसतं, आणि घरी जाऊन तीच आईला सांगतात. वर्गाच्या फोटोत कुणालाही 'दात दाखव' म्हणू नका.

काम झाल्यावर

दात झाले तरी हात काही दिवस वर जातच राहतो. माझा जायचा. कॉम्पोझिट लावल्यावर बहीण म्हणाली, "आता काऊन झाकते वं?" आणि मला कळेना की झाकलं कधी. तेव्हा वर सांगितलेली फोन-आरसा-खडूची मेहनत उपचार सुरू असतानाच चालू ठेवा, म्हणजे दोन्ही सोबत संपतील.

कॉम्पोझिट चहा आणि हळदीनं पिवळं पडतं, म्हणून चहानंतर चूळ भरा आणि वर्षातून एकदा पॉलिश करून घ्या. पाच-सात वर्षांनी ते नवीन करावं लागेल असं धरून चाला. नख, सुईदोरा, पेनाचं टोपण पुढच्या दातांनी ओढायचं नाही. ऊस सोलायचा नाही. कडा खरखरीत लागली तर जिभेनं चाळत बसण्यापेक्षा लगेच दाखवा, लहान असेल तर एका बैठकीत नीट होतं. पेरू कापून खा.